डॉक्टरांना मनाचे आजार किती शिकवतात?

(गेल्या वर्षीच्या उत्सवात, पाचव्या दिवशी संध्याकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर. काही मंडळींनी तो मागितला म्हणून स्मरणिकेसाठी लिहून काढला आहे.)



सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा त्यांना वाटलं असावं की हा रेल्वेवाला, दुहेरीकरणावर बोलेल, नाहीतर दिवाळीत सोलापूर-पुण्याचं रिझर्वेशन का मिळत नाही यावर तरी बोलेल. रिझर्वेशनचं उत्तर मलाही ठाऊक नाही, माझंही वेटिंग लिस्टमध्येच असतं. मी विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुम्ही डॉक्टर नाही ना?" नाही. मी सोलापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातला सिव्हिलचा डिप्लोमावाला. वीस-बावीस वर्षं रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यात काढलेला माणूस. पण हा विषय माझ्या गळ्यात पडला तो रुळावरच, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमच्याकडे कीमन नावाचा माणूस असतो. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना तो माहीत आहे, उरलेल्यांसाठी सांगतो. रोज सकाळी हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी आणि डिटोनेटर घेऊन तो आपल्या हद्दीतला रूळ चालून तपासतो. जाताना एक रूळ, येताना दुसरा. ढिली चावी ठोकायची, बोल्ट आवळायचा आणि मुख्य म्हणजे रुळाला किंवा वेल्डला तडा गेलाय का ते पाहायचं. थंडीत पहाटे रूळ आकसतात, ताण वाढतो आणि तडे जास्त करून तेव्हाच जातात. तडा दिसला की कीमनने काय करायचं हे ठरलेलं असतं. आधी लाल झेंडी लावून गाडी थांबवायची, स्टेशनला निरोप धाडायचा, तड्यावर जॉगल्ड फिशप्लेट आणि क्लॅम्प बसवायचे. मग जबाबदार माणूस आला की गाडी अगदी हळू सोडायची. वेल्डिंग करणारी टोळी नंतर येते. कीमनला वेल्डिंग येत नाही आणि यावं अशी कोणाची अपेक्षाही नाही. त्याला तडा ओळखता आला पाहिजे, तात्पुरता बांधता आला पाहिजे आणि योग्य माणसाला कळवता आलं पाहिजे.

आमच्या सेक्शनमध्ये, उत्तर कर्नाटकात, असा एक कीमन होता. नाव सांगत नाही. त्याला विचारून, त्याची परवानगी घेऊनच हे सांगतो आहे. चाळिशीचा, सीमाभागातला, घरी मराठी आणि बाहेर कन्नड बोलणारा. त्याच्या हद्दीत तडा सुटला असं कधी झालं नव्हतं. मुकादम म्हणायचा, याला रूळ बोलून दाखवतो. २०१५ सालच्या पावसाळ्यानंतर त्याची छाती जड व्हायला लागली. पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची, मग झोप नाही. जेवण कमी झालं, अंग दुखायचं. तो डॉक्टरकडे गेला. ईसीजी काढला, चांगला निघाला. गॅस आहे म्हणून गोळ्या मिळाल्या. महिन्याने दुसऱ्या डॉक्टरकडे गेला. तिथे रक्त तपासलं, अशक्तपणा आहे म्हणून ताकदीची इंजेक्शनं झाली. तिसऱ्याने पोटात दुर्बीण घातली. चौथा म्हणाला, काही नाही, टेन्शन घेऊ नका, फिरायला जा. रोज बारा-चौदा किलोमीटर रुळावरून चालणाऱ्या माणसाला फिरायला जा! या सगळ्यात वर्ष गेलं, सोसायटीचं कर्ज झालं, आणि या चार डॉक्टरांपैकी एकानेही त्याला विचारलं नाही की बाबा रे, तुला आतून कसं वाटतंय?

मीही विचारलं नाही, तेही सांगून टाकतो. रजा मागायला आला की मी म्हणायचो, "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत ना? मग?" एकदा त्याच्या माघारी ऑफिसात "नाटक करतोय" असंही मी बोललो होतो. ते ऐकलेले एक-दोघं आज या मांडवात आहेत.

२०१६ च्या डिसेंबरात एका सकाळी तो आपली हद्द पूर्ण चालून आला आणि सगळं ठीक म्हणून सांगितलं. त्यानंतर तासाभराने त्याच हद्दीत मुकादमाला फुटलेला वेल्ड दिसला. गाडी यायच्या आत झेंडी लागली, कोणाला काही झालं नाही. पण हा तडा ताजा नव्हता. कीमन त्याच्यावरून चालत गेला होता. मी खुलासा मागणारं पत्र लिहिलं आणि चार्जशीटचा मसुदा तयार केला. पत्र घ्यायला तो आला आणि न वाचताच घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाला, "साहेब, मला काही दिसतच नाही हो आता. डोळे उघडे असतात, दिसत नाही." मी त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. माझी अक्कल तेवढीच.

डोळे तपासायला गेला तिथे एक नुकतीच पास झालेली डॉक्टर मुलगी होती. तिने डोळे पाहिले, ठीक होते. मग खुर्ची जवळ ओढून तिने विचारलं, झोप किती वाजता मोडते? पूर्वी ज्यात रमायचात त्यात मन लागतं का? आणि मग अगदी सरळ, आवाज न बदलता, जगणं नको असं मनात येतं का? तो तिथेच रडायला लागला. वर्षभर रुळावरून चालताना त्याच्या मनात काय काय येत होतं ते त्याने तिला सांगितलं. ते मी इथे सांगत नाही. तिने त्याला एकट्याला घरी जाऊ दिलं नाही. बायकोला बोलावून घेतलं, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली आणि फोनही केला. दोन महिन्यांत झोप आली, सहा महिन्यांत माणूस परत आला. तोपर्यंत आम्ही त्याला रुळावर न पाठवता स्टोअरमध्ये ठेवलं होतं. चार्जशीटचा मसुदा मी फाडला. आज तो मुकादम आहे.

त्या मुलीला मी भेटायला गेलो होतो, पेढे घेऊन. विचारलं, हे कुठे शिकलात? ती म्हणाली, "सर, कॉलेजात हा विषय दोन आठवड्यांचाच असतो. आमच्या बॅचला एक मॅडम चांगल्या मिळाल्या, एवढंच." तिचं ते "एवढंच" माझ्या डोक्यात बसलं. आमच्या खात्यात तडा ओळखायला शिकवणं नशिबावर सोडलेलं नाही. मग तिच्याकडे ते नशिबावर का? तेव्हापासून जमेल तसं मी वाचलं आणि विचारत राहिलो. आज सांगतोय ते त्यातलं आहे.

आता जरा मागे जाऊ. आपल्याकडे डॉक्टरीचं शिक्षण आणि मनाचे आजार या दोन गोष्टी सुरुवातीपासून वेगवेगळ्या गावांत राहिल्या. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. वेड लागलेला माणूस उंच भिंतीआड न्यायचा आणि भिंत शक्यतो गावाबाहेर बांधायची. मेडिकल कॉलेज मात्र शहरात, मोठ्या इस्पितळाला लागून. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. त्याच्या जे. जे. रुग्णालयात मनाच्या आजारांसाठी बाह्यरुग्ण विभाग निघाला तो १९३८ साली, डॉ. के. के. मसानी यांच्या प्रयत्नाने. मधे गेली ९३ वर्षं. त्याआधी १९३३ साली कलकत्त्यात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी साध्या रुग्णालयात असा विभाग पहिल्यांदा सुरू केला होता. म्हणजे त्याआधीच्या कित्येक पिढ्यांतले डॉक्टर कॉलेजच्या इस्पितळात मनोविकाराचा पेशंट न पाहताच डॉक्टर झाले. आपली भाषाही त्या भिंतीची झाली. पुण्यात म्हणतात येरवड्याला पाठवा, मुंबईत म्हणतात ठाण्याला पाठवा, आणि आपण इथे येऊन वर्षभरात "निम्हान्सला पाठवा" म्हणायला शिकतो. कन्नड नीट येत नसलं तरी एवढं येतं.

निम्हान्स आपल्या होसूर रोडवर, डेअरी सर्कलजवळ. तुमच्यापैकी अनेक जण रोज त्याच्यासमोर ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभे असता. त्याची कथा थोडी सांगण्यासारखी आहे. १९४६ च्या भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला, त्यात मनाच्या आजारांसाठी माणसं तयार करणारी संस्था हवी असं म्हटलं होतं. त्यातून १९५४ साली इथल्या जुन्या मनोरुग्णालयाला जोडून अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. १९७४ साली रुग्णालय आणि संस्था एकत्र होऊन निम्हान्स झालं. २०१२ साली तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तिथे मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारातल्या नर्सेस आणि समाजकार्यकर्ते घडतात. देशातलं या विषयाचं सर्वांत नावाजलेलं विद्यापीठ आपल्या गावात आहे याचा मला अभिमान वाटतो. पण तिथे एमबीबीएस शिकवत नाहीत. ते वेल्डरचं शिक्षण आहे, आणि उत्तम आहे. मला चिंता आहे ती कीमनची.

वेल्डर वाढवून भागेल का? आपल्या देशात दर लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ ०.७५ आहेत असा २०१९ साली प्रसिद्ध झालेला हिशोब आहे. लाखाला एकसुद्धा नाही, आणि तेही बहुतेक शहरांत. निम्हान्सने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, १२ राज्यांत. आपला महाराष्ट्र आणि हे कर्नाटक, दोन्ही त्या बारांत नव्हते, पण देशाचं चित्र कळायला तो अहवाल पुरेसा आहे. मोठ्या माणसांत दर शंभरी दहा-अकरा जणांना पाहणीच्या वेळी कुठला ना कुठला मनोविकार होता. आणि आजारानुसार शंभरातले ७० ते ९२ जण उपचाराविना होते. हे उपचाराविना राहिलेले लोक घरीच बसून असतात असं नाही. त्यातले पुष्कळ जण डॉक्टरकडे जातात, आमच्या कीमनसारखे चार-चार डॉक्टरांकडे जातात. छाती जड होते, डोकं दुखतं, पोट बिघडतं, हातपाय गळतात असं सांगतात. मन उदास आहे असं सांगायला कोणी दवाखान्यात जात नाही.

हे माझ्या अनुभवावरून सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांतल्या साध्या दवाखान्यांत एक पाहणी केली होती, ती १९९५ साली पुस्तकरूपाने आली. त्यातलं एक केंद्र आपलं बेंगळुरू होतं. सगळी केंद्रं मिळून, साध्या डॉक्टरकडे येणाऱ्या शंभर पेशंटांपैकी सरासरी २४ जणांना मनाचा आजार निघाला. त्यातले साधारण निम्मेच त्या डॉक्टरांनी ओळखले होते. चारातला एक पेशंट ज्या विषयाचा, तो विषय शिक्षणात किती?

आता आकडे ऐका. आपल्या वैद्यकीय परिषदेची १९९७ ची नियमावली २०१९ पर्यंत चालली. आज तिशी-चाळिशीत असलेले बहुतेक डॉक्टर तिच्यातच घडले. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात मनोविकारशास्त्राला व्याख्यानांचे २० तास आणि रुग्णालयात दोन आठवडे. इंटर्नशिपमध्ये विषय ऐच्छिक. परीक्षेत स्वतंत्र पेपर नाही, मेडिसीनच्या पेपरात एखादा प्रश्न. माझी भाची पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात याच पद्धतीने शिकली. तिला विचारलं तर हसली. "मामा, ते दोन आठवडे म्हणजे आमचे लायब्ररीचे आठवडे. सही घ्यायची आणि पीजीच्या एंट्रन्सचा अभ्यास करायचा." दोष तिचा म्हणता येत नाही. तंत्रनिकेतनात असताना ज्या विषयाचा पेपर नाही त्याच्या तासाला आम्हीसुद्धा कॅन्टीनमध्येच असायचो.

पण तिने दुसरी एक गोष्ट सांगितली, ती मला तासांच्या हिशोबापेक्षा मोठी वाटते. जे थोडे पेशंट त्यांना दाखवले ते सगळे वॉर्डातले होते. स्वतःशी बोलणारे, भास होणारे, आणून बांधून ठेवायची वेळ आलेले. ते आजार खरे आहेत, शिकवलेही पाहिजेत. पण विद्यार्थ्याच्या मनात काय बसतं? मनाचा पेशंट म्हणजे असा दिसतो. पुढे तो गावात दवाखाना टाकतो. समोर कपाळाला बाम लावलेली बाई येते, अंग दुखतं म्हणते, व्यवस्थित बोलते, पैसे देते. हा मनाचा पेशंट असेल असं त्याच्या डोक्यात येत नाही, कारण असा पेशंट त्याला कोणी दाखवलेलाच नाही. आमच्याकडे समजा कीमनला शिकवताना फक्त घसरलेल्या गाड्यांचे फोटो दाखवले, तर त्याला केसासारखा बारीक तडा कसा दिसणार? रूळ वरून चकचकीत असतो आणि आत तडा असतो, म्हणून तर आम्ही ध्वनिलहरींचं यंत्र रुळावरून फिरवतो. डॉक्टरकडे मनासाठी असं यंत्र नाही. त्याच्याकडे प्रश्न आहेत.

आणि प्रश्न फार नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश राहिलं का? ज्या गोष्टी आवडायच्या त्यात रस वाटेनासा झाला का? या दोन प्रश्नांची चाळणी जगभर वापरतात. उत्तर होय आलं की पुढचं विचारायचं. त्या मुलीने नेमकं हेच केलं होतं.

आमच्या कॉलनीत एक डॉक्टर आहेत, माझे चांगले स्नेही. त्यांना हे सांगितलं तर चिडले. म्हणाले, "तुम्ही रूळवाले. माझ्या ओपीडीला सकाळी शंभर माणसं असतात, एकाला दोन मिनिटं. मनात शिरायला वेळ कुठे आहे?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. शिवाय त्यांनी एक चांगली गोष्ट लक्षात आणून दिली. उदासी कधी थायरॉईडमुळे असते, थकवा रक्त कमी असल्याने असतो, त्यामुळे रक्त तपासणारे डॉक्टर चुकत नाहीत. हे मी मान्य केलं. आमच्या कीमनचं रक्त तपासलं ते बरोबरच केलं. चूक पुढची. रिपोर्ट चांगला आल्यावर "काही नाही" असं सांगितलं, ती. दोन प्रश्नांना एक मिनिट लागतं. वर्षभरात त्या चार दवाखान्यांत त्याला जो वेळ दिला गेला त्यात हे मिनिट बसलं असतं.

शिकवलं तर जमतं का? जमतं, आणि त्याचा पुरावा आपल्याच रेल्वेच्या वाटेवर आहे. बळ्ळारी. आपल्यातले कितीतरी जण तिथे नोकरी करून आले. ऐंशीच्या दशकात निम्हान्सने बळ्ळारी जिल्हा निवडला आणि तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या साध्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना मनाचे नेहमीचे आजार ओळखायला व त्यावर पहिली औषधं द्यायला थोडक्या दिवसांत शिकवलं. त्याआधी बेंगळुरूजवळ सकलवाराला याची छोटी तालीम झाली होती. जिल्ह्याचा माणूस जिल्ह्यातच बरा होऊ शकतो हे बळ्ळारीने दाखवलं, आणि १९९६ साली देशभर जो जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला त्याचा नमुना बळ्ळारीच होता. पण यात एक विरोधाभास मला खटकतो. ज्या डॉक्टरांना कॉलेजात पाच वर्षं मिळाली होती त्यांना हे नोकरी लागल्यावर शिकवावं लागलं. आमच्या भाषेत सांगायचं तर लाइन सुरू केल्यावर भराव दाबायला घेतला.

कायद्यानेही हेच धरलं आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ३१ व्या कलमात सरकारी आरोग्यसंस्थांतल्या आणि तुरुंगांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीच्या मानसिक उपचारांचं प्रशिक्षण द्यावं असं बंधन सरकारवर घातलं आहे. खाजगी दवाखाने त्यात येत नाहीत, आणि आमचा कीमन गेला होता तो खाजगीतच.

मग काही बदललं की नाही? बदललं. २०१९ साली प्रवेश घेतलेल्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला. त्यात या विषयाला २० च्या जागी ४० तास केले, त्यातले १० छोट्या गटांत बसून. रुग्णालयातले आठवडे दोनाचे चार केले. २०२१ च्या नियमांनी इंटर्नशिपमध्ये दोन आठवडे सक्तीचे झाले, ही मला सगळ्यांत महत्त्वाची सुधारणा वाटते. पेशंटशी कसं बोलावं, वाईट बातमी कशी सांगावी याचेही धडे आता पहिल्या वर्षापासून असतात. स्वतंत्र पेपर मात्र अजूनही नाही, मेडिसीनच्या पोटातच आहे. शेजारच्या श्रीलंकेत तो शेवटच्या वर्षाचा स्वतंत्र विषय आहे. आपल्यापेक्षा लहान देश, पण हे त्यांना सुचलं.

माझी मुलगी याच नव्या पद्धतीत शिकते आहे, कर्नाटकातल्या एका कॉलेजात. बापाचा हा छंद तिला ठाऊक असल्याने तिचं मनोविकार विभागातलं पहिलं पोस्टिंग झाल्यावर मी तिची चांगलीच उलटतपासणी घेतली. ती म्हणाली, "बाबा, आमच्या सरांनी तीन दिवस आम्हाला वॉर्डात नेलंच नाही. मेडिसीनच्या ओपीडीबाहेर बाकावर बसवलं आणि सांगितलं, ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत त्यांच्याशी बोला." मला इतका आनंद झाला की काय सांगू. तिने एका आजीची हकिगत सांगितली. गुडघे दुखतात म्हणून दर आठवड्याला यायच्या. मुलगा वारल्यापासून घरात कोणी बोलत नव्हतं, दवाखान्यात तरी कोणी नाव घेऊन हाक मारतं म्हणून येत होत्या. पण तिचीच मैत्रीण दुसऱ्या कॉलेजात आहे, तोच अभ्यासक्रम, तीच लॉगबुकं. तिथे चार आठवड्यांच्या सह्या एका दुपारी झाल्या. म्हणजे कागदावरचे तास दुप्पट झाले आणि "एक मॅडम चांगल्या मिळाल्या" हे अजून शिल्लकच आहे.

एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. हे शिकणाऱ्या मुलांचं स्वतःचं मनही याच वयात ताणाखाली असतं. माझी मुलगी पहिल्या वर्षी दोन महिने नीट झोपत नव्हती. मी म्हणालो होतो, "सगळ्यांनाच होतं, टेन्शन घेऊ नकोस." वाक्य ओळखीचं वाटतंय ना? चौथ्या डॉक्टरचंच आहे. तिच्या आईने ओळखलं, मी नाही. एवढं पाहून, एवढं वाचूनसुद्धा.

आपल्या मराठी माणसात तसा मनाचा विषय नवा नाही. मनाचे श्लोक लहानपणी पाठ केलेली माणसं आपण. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा "देवराई" आला, अतुल कुलकर्णींनी त्यात स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाचं काम केलं. आपल्यातल्या कितीतरी जणांनी तो पाहिला, डोळे पुसले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी या विषयावर लोकांशी बोलत बोलत मोठं काम उभं केलं. इथे निम्हान्सचे डॉ. सी. आर. चंद्रशेखर यांनी साध्या कन्नडमध्ये इतकं लिहिलं आहे की माझं मोडकं कन्नड त्यांच्या पुस्तकांवरच थोडं सुधारलं. लोक शिकायला तयार आहेत. मग ज्याच्याकडे लोक पहिल्यांदा जातात त्या साध्या डॉक्टरला आपण कमी का शिकवावं, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या हातात काय आहे? अभ्यासक्रम ठरवणं नाही. पण या मांडवात मेडिकलला मुलं असलेली सात-आठ घरं मला माहीत आहेत. मुलं सुट्टीला घरी आली की सर्जरीचं पोस्टिंग कसं झालं ते आपण विचारतो. याचंही विचारा. किती पेशंट पाहिले, कुठे पाहिले, कोणी शिकवलं? आणि तुम्ही स्वतः डॉक्टरकडे जाल तेव्हा छातीबरोबर झोपेचंही सांगा. न विचारता सांगा. डॉक्टरला वेळ नसेल तर आपण तरी त्याचं एक मिनिट वाचवू. रेल्वेतल्या माझ्या सुपरवायझर मित्रांना एकच सांगणं. एखादा चांगला माणूस अचानक चुकायला लागला तर चार्जशीटचा कागद काढण्याआधी त्याच्यासाठी खुर्ची ओढा.

आणि एक नंबर लिहून घ्या, १४४१६. टेलिमानस नावाची ही सरकारी हेल्पलाइन २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झाली, तिचं मुख्य केंद्र आपल्या निम्हान्समध्येच आहे. फोन फुकट आहे, दिवसरात्र आहे, कन्नडमध्येही बोलता येतं आणि मराठीतही. नंबर मी मांडवाच्या दाराशी, प्रसादाच्या टेबलाजवळ मोठ्या अक्षरांत लावायला सांगितला आहे. काल कोणीतरी त्याच्यावर फूड स्टॉलचा बोर्ड टांगला होता, तो मी आज काढलाय. पुन्हा टांगू नका.

सेक्रेटरी मघापासून घड्याळ दाखवताहेत, आरतीची मंडळी खोळंबली आहेत. कोणाला काही विचारायचं असेल तर प्रसादानंतर मी मागच्या बाजूला, चपलांच्या रॅकपाशी थांबतो. तिथे गर्दी कमी असते.